गोगलगाईचा कौल

आमच्या भावकीत माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. हे मी लाजून सांगत नाही, मिरवून सांगते. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी बेळगावातून प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. निकाल कळला त्या दिवशी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिला पेढा मला न देता गोठ्यात नेऊन म्हशीला चारला. "डिग्री हिची हाय," ते म्हणाले, "तू नुसती घिऊन आलीस." त्यात खोटं काही नव्हतं. माझी फी, माझी चप्पल, बसचा पास, सगळं त्या म्हशीच्या दुधातनं निघालेलं.

कॉलेजला असताना मी शहापुरात मावशीकडं राहायची. मावशीच्या घरात माग होते. ते सुरू झाले की जमीन, भिंत आणि माझं टेबल एका तालात हलायचं, त्यामुळं माझ्या जर्नलमधली सगळी चित्रं थरथरलेली. एकदा सरांनी माझ्या गोगलगाईकडं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हिला थंडी वाजतीय काय?" पण चित्र कसं का असेना, गोगलगाय मला आतून-बाहेरून पाठ होती. तळ्यातली मोठी, लिंबाएवढी, आमच्याकडं जिला शंखी म्हणतात ती आम्ही प्रॅक्टिकलला कापायचो. तिच्या तोंडावर झाकण असतं आणि जिभेवर बारीक दातांच्या रांगा असतात. हे मी आईला सांगितलं तर आई भाकरी थापता थापता म्हणाली, "जिभंवर दात? मग बोलती कशी?"

"बोलत न्हाय गं ती."

"तेच म्हंते मी."

तर अशी मी शिकून, बी.एड.च्या प्रवेशाची वाट बघत, गावी येऊन बसले होते. आमचं गाव निपाणी-बेळगाव रस्त्यापासून आत. एका अंगाला तंबाखूची रानं, दुसऱ्या अंगाला तळं, वर खडकाळ माळ. पावसाळा निम्मा सरला आणि आमची म्हैस वाळायला लागली. आधी दूध आटलं. मग ती पातळ हगायला लागली. मग बरगड्या दिसायला लागल्या, आणि एके दिवशी तिच्या जबड्याखाली मऊ, पाण्यानं भरल्यासारखी पिशवी लोंबायला लागली. आई तिच्या पुढ्यात बसून हिरवी वैरण हातानं तिच्या तोंडाला लावायची. म्हैस तोंड फिरवायची. आईपण मग त्या दिवशी धड जेवायची नाही. शेजारणी येऊन बघून गेल्या आणि बाहेर जाऊन म्हणाल्या, "शिकलेल्या पोरीची दिष्ट लागली म्हशीला."

मला मात्र ती पिशवी बघितल्याबरोबर पुस्तकातलं पान आठवलं. म्हशीच्या काळजात, म्हणजे यकृतात, पानासारखा चपटा किडा होतो. त्याची अंडी शेणातून पाण्यात जातात. पाण्यात एक बारकी गोगलगाय असते, पातळ कवचाची, बिनझाकणाची. अंड्यातून निघालेला जीव तिच्यात शिरतो, तिथं एकाचे अनेक होतात, बाहेर येऊन काठच्या गवताला चिकटतात. म्हैस ते गवत खाते आणि किडा परत काळजात. मी पळतच जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर धारवाडकडचे, मराठी अडखळत बोलणारे. त्यांनी येऊन म्हैस बघितली, माझं सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. "औषध देतो. यल्ला छलो आगतद, सगळं बरं होतंय. पण परत त्याच गवतावर सोडली तर परत हेच. मग मला बोलवू नका."

औषध पाजायचा कार्यक्रम मी थोडक्यात सांगते. बांबूची नळी, नळीत औषध, मी नळी धरलेली, आप्पांनी म्हशीचं तोंड वर केलेलं. म्हशीनं पहिला डोस अर्धा आप्पांच्या मिशीवर परत केला. आप्पा शांतपणे म्हणाले, "माझं काळीज आता साफ झालं. ऱ्हायलेलं तिला दे."

खरी अडचण पुढं होती. गावाचा गुराखी एक, कळप एक. पावसाळ्यात सगळी जनावरं तळ्याकाठच्या हिरव्यागार गवतावर जायची. आमची एकटी घरी बांधून घालायला आमच्याकडं वैरण नव्हती, आणि एका म्हशीसाठी गुराखी माळ चढणार नव्हता. सगळ्या गावानं कळप माळावर न्यायचा ठरवलं तरच आमची म्हैस जगणार होती. म्हणून मंगळवारी लक्ष्मीच्या देवळात गाव जमलं तेव्हा मी दोन काचेच्या बरण्या घेऊन गेले. एकीत मोठ्या शंख्या, दुसरीत हरभऱ्याएवढ्या बारक्या गोगलगाई. आयुष्यातलं माझं पहिलं भाषण. किडा, शेण, पाणी, गोगलगाय, गवत, म्हैस, सगळं क्रमानं सांगितलं.

मग पाटील, ज्यांच्या चार म्हशी गावात सगळ्यात देखण्या होत्या, ते म्हणाले, "पोरी, म्हंजे किडा म्हशीतनं निघून म्हशीतच जातोय. मग सरळ का जात न्हाय? निपाणीहून चिकोडी करून बेळगावला जाणारी बस बी एवढा फेरा घालत न्हाय."

देऊळ हसलं. आई दारात बायकांत बसली होती, ती तेवढी हसली नाही.

मागून एकजण म्हणाला, "आसल्या वाईट आसतील तर तळ्यात मोरचूद वता. एका दिसात सगळ्या खलास."

"गोगलगाईबरोबर मासे बी खलास हुतील," मी म्हणाले. "आन ह्याच तळ्यातलं शेवाळ खात्यात, कुजलेला पाला खात्यात. त्या न्हाईशा झाल्या तर तळं सडंल. गोगलगाय ऱ्हाऊ दे तिथं. आपुन बाजूला हुया."

"गोगलगाईला तळं आन माझ्या म्हशींला खडक," पाटील म्हणाले. "शिक्षान लई भारी झालंय हिचं."

अशा वेळी आमच्याकडं वाद मिटवायची एक रीत आहे. देवीला कौल लावायचा. गुरव देवीच्या उजव्या-डाव्या खांद्याला पाण्यानं फुलाच्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. बांधाचे वाद, लग्नाचे मुहूर्त, हरवलेली शेळी, सगळं ह्या दोन कळ्यांवर. मी बी.एस्सी. झालेली, मला काय ते पटणार? पण नको म्हणायची सोय नव्हती. म्हटलं निदान निम्मी आशा आहे.

गुरवमामांनी कळ्या उचलल्या, आणि परत ताटात ठेवल्या. ते विचारात पडले होते. गुरवमामा विचारात पडले की गावाला धडकी भरायची.

"आळ कुणावर घेतलाय?" त्यांनी विचारलं.

"गोगलगाईवर," मी म्हणाले.

"मग तिला न इचारता निकाल कसा घ्यायचा? कळीचा काय संबंध? जिच्यावर आळ हाय तिलाच देवीफुडं हुबी करायची."

पाटलांची बेळगावच्या कोर्टात भाऊबंदकीची केस वर्षानुवर्षं चालू होती, त्यामुळं त्यांना हे फार आवडलं. "बराबर. आरोपी हजर पायजेच."

गुरवमामांनी बरणीत हात घातला आणि दोन लठ्ठ शंख्या बाहेर काढल्या.

"मामा, ही न्हवं," मी म्हणाले. "ही निर्दोष हाय. दोषी ती बारकी."

"बारकी मला दिसत न्हाय. आन ही तिची थोरली भण आसंल की. घरातलं थोरलं माणूसच हुबं ऱ्हातंय."

आमच्याकडं पोराचं भांडण असलं तरी पंचांपुढं चुलता उभा राहतो. गोगलगाईंना वेगळा नियम कशाला?

देवी म्हणजे शेंदूर-तेलाची पुटं चढलेली काळी शिळा, वर चांदीचे डोळे. गुरवमामांनी एक शंखी उजव्या खांद्यावर बसवली, एक डाव्या. उजवी पडली तर तळ्याकाठ बंद, डावी पडली तर खुला. गाऱ्हाणं झालं. सगळे हात जोडून बघत राहिले. मी पण. त्या घडीला माझं सगळं शास्त्र एकाच वाक्यावर येऊन थांबलं होतं, उजवे, पड.

कळी पडायला वेळ लागत नाही. शंखीला कसली घाई? दोघी आपापल्या कवचात गप्प. बऱ्याच वेळानं उजवीनं झाकण उघडलं, शिंगं बाहेर काढली, देवळाचा अंदाज घेतला आणि चालायला लागली. खाली नाही, वर. मानेवरून गालावर. गालावरून चांदीच्या डोळ्यावर.

"देवी डोळा झाकाय लागली," एक म्हातारी पुटपुटली.

"देवी न्हाय, ती शंखी हाय," मी म्हणाले.

"तेच की. देवीच्या मनात आसल्याबिगर चढली आसती व्हय?"

डावीनं तोवर वेगळंच केलं. ती घसरत घसरत देवीच्या कोपराच्या खोबणीत गेली, तिथल्या घट्ट शेंदरात रुतली, आणि तिनं झाकण लावून घेतलं. शेंदरात बसलेली ती शंखी लांबून बाजूबंदासारखी दिसत होती.

दुपार झाली. पंगत नाही तर निदान चुरमुरे तरी, म्हणून कुणीतरी पोतं आणलं. आमच्याकडच्या बायका रिकाम्या बसत नाहीत. त्यांनी घरनं सुपं आणली, तंबाखू आणला, पानं आणली आणि देवळाच्या ओसरीवर विड्या वळायला बसल्या. आत कौल, बाहेर विड्या. उजवी शंखी देवीच्या डोक्यावरून पाठीमागं उतरली आणि भिंतीच्या फटीत दिसेनाशी झाली.

"पडली," मी म्हणाले.

"पडली न्हाय," पाटील म्हणाले. "गेली."

"गेली म्हंजे उजवीकडनं गेली."

"गेली ती गेली. पडायचा आवाज कुणी आयकला काय?"

सगळ्यांनी गुरवमामांकडं बघितलं. ते बराच वेळ फटीत डोळा लावून उभे होते. "कौल सुटला न्हाय," त्यांनी सांगितलं.

एवढ्यात गुराखी आला. संध्याकाळ व्हायला आली होती, जनावरं सकाळपासून गोठ्यात हंबरत होती, त्यांना तळ्याकाठी सोडू काय म्हणून विचारत होता. गुरवमामा ताडकन म्हणाले, "कौल चालू आसताना वादातल्या जागंत पाय घालायचा न्हाय. बांधाच्या टायमाला निकाल लागंपातूर नांगर घातला हुता काय कुणी?"

"मग कुठं न्हेऊ?"

"माळावर ने."

मी आईकडं बघितलं. आई विडी वळायची थांबली होती. पाटील काहीतरी बोलणार होते, पण देवीसमोर बोलणं बरं दिसलं नसतं. गुराखी शिव्या घालत जनावरं घेऊन माळ चढला, आणि आमची म्हैस सगळ्यात मागं, लोंबती पिशवी हलवत.

दुसऱ्या दिवशी डावी शंखी तिथंच. तिसऱ्या दिवशीही तिथंच. पाटील रोज सकाळी दर्शनाला यायला लागले, जे पूर्वी फक्त जत्रेला यायचे. घंटा एवढ्या जोरात वाजवायचे की खांबावरची पाल खाली यायची, शंखी नाही यायची. एकदा ते देवीच्या कोपराजवळ तोंड नेऊन शिंकले. गुरवमामा म्हणाले, "पाटील, सर्दी झाल्याली दिसतीया. बाहीर बसा."

शेवटी त्यांनी मला देवळाबाहेर गाठलं. "बीएस्सी बाई, ही कवा उठनार?"

"पाणी मिळालं न्हाय तर झोपून ऱ्हाती. पुस्तकात लिवलंय, म्हैनं म्हैनं झोपती."

"म्हैनं?"

"व्हय. उन्हाळ्यात तळं आटलं की चिखलात आशीच झाकण लावून बसती."

खरं सांगते, हे मी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं. गुरवमामांनी ऐकलं आणि लगेच देवीची रोजची आंघोळ बंद केली. पाणी घालून आरोपीला उठवणं म्हणजे कौलात हात घालणं, असं त्यांचं मत. बायका कुरकुरल्या. देवी बिनआंघोळीची, हे बरं नव्हे. पण गुरवमामा म्हणजे गुरवमामा.

तिकडं औषधाचा पुढचा डोस झाला. ह्या वेळी आप्पांनी मिशीवर टॉवेल बांधला होता. माळावरचं गवत आखूड आणि खरखरीत, पण कोरडं. हळूहळू म्हशीची हगवण थांबली. मग एके सकाळी आई ओरडत नाही पण ओरडल्यासारखी माझ्याकडं आली. "चल, बघ." पिशवी ओसरली होती. जबड्याखाली नुसती सैल कातडी. आईनं वैरण पुढं केली आणि म्हशीनं वैरणीबरोबर तिच्या पदराचं टोकही खाल्लं. आईनं पदर ओढला नाही.

त्याच आठवड्यात पाटील आमच्या परसदारी आले. पुढच्या दारानं नाही, परसदारी. आई-आप्पा रानात गेल्याची खात्री करून आले होते. इकडं-तिकडं बघून त्यांनी विचारलं, "पोरी, त्यो किडा माणसात बी जातोय काय गं?"

"का हो आण्णा?"

"न्हाय, आसंच."

त्यांच्यासारखा माणूस आसंच परसदारी येत नाही. ते उंबऱ्यावर टेकले, गुडघा चोळत. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांचा गुडघा दुखायचा, आणि पाटलीणबाई त्यांना मोठ्या शंखीचा रस्सा करून घालायच्या. गुपचूप. गावात तो खाणं गरिबाघरचं समजत, पाटलाच्या ताटात शोभायचं नाही. माझ्या भाषणादिवशी त्यांना माळाची चढण लागली नव्हती, रस्सा लागला होता. गाव म्हणालं असतं, पाटील किडेवाली गोगलगाय खातो.

"आण्णा, किडा बारकीत आसतोय. तुमी खाताय ती न्हवं."

"खात्री?"

"कापून बघितल्यात मी. पर चांगली उकळून शिजवा. कच्ची कुठलीच खाऊ नका."

"रस्सा कच्चा कोन खातंय?" ते उठले. त्यांच्या मनावरचं मोठं ओझं उतरलं होतं. मग जाता जाता थांबले. "माझी बी एक म्हस पातळ हगतीया. त्या डॉक्टरला सांगून बघ की."

म्हणजे पाटलाच्या म्हशीलाही तेच औषध लागू झालं. आणि तरी देवळात कौल अडकलेलाच. पाटील आता घंटा हळू वाजवायचे.

दसरा आला. दसऱ्याला देवीला आंघोळ नाही म्हणजे गावाला तोंड दाखवायची सोय नाही. गुरवमामा परत विचारात पडले. त्यांनी तोडगा काढला तो असा, की देवीची उजवी बाजू तेवढी धुवायची. डावी बाजू कोर्टाच्या ताब्यात. निम्मी देवी चकचकीत, निम्मी मळकी. सगळं गाव तोंडाला पदर-टॉवेल लावून बघत होतं. पण पाणी कुठं ऐकतंय? कपाळावरनं एक ओघळ नाकावर आला, नाकावरनं डावीकडं वळला, कोपरात शिरला. थोड्या वेळानं झाकण हललं. शंखीनं शिंगं काढली, तेलकट दंडावर पाय टेकला आणि सटकली. टप्प.

डावी पडली होती.

"तळ्याकाठ खुला," गुरवमामांनी जाहीर केलं, आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "देवीनं तुझं मानलं न्हाय, पोरी."

मी भांडले. निर्दोष शंखीवरनं दिलेला निकाल, आंघोळीच्या पाण्यानं घसरलेली आरोपी, उजवी आधीच निघून गेलेली. काही उपयोग झाला नाही. आई मला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. कौल सुटला म्हणजे उद्यापासून कळप परत तळ्यावर, हे तिलाही कळत होतं.

सकाळी आम्ही तिघंही वाटेवर जाऊन उभे राहिलो. माळ आणि तळं ह्यांची वाट जिथं फुटते तिथं. गुरवमामा स्वतः आले होते, देवीचा शब्द पाळला जातोय की नाही बघायला. तळ्याकाठचं गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं, हिरवंकंच. कळप आला. आमची म्हैस आता मागं नव्हती, पुढं होती. फाट्यावर ती थांबली, तळ्याकडं नाक करून एक मोठा श्वास घेतला, आणि माळाची वाट धरली. तिच्या मागनं सगळा कळप. इतके दिवस तीच वाट पायाखालची झाली होती.

"आरं, वळीव त्यास्नी," गुरवमामा गुराख्याला म्हणाले. "देवीनं खुलं केलंय."

"मी का वळवू?" गुराखी म्हणाला. "माझी काय चढायची हौस हाय व्हय? पर ह्या बया आयकत्यात काय?"

गुरवमामांनी काठी घेतली आणि आमच्या म्हशीला आडवे झाले. म्हशीनं त्यांना शिंगानं नाही, पोटानं हळूच बाजूला सारलं आणि पुढं गेली. त्यांनी पाटलांकडं बघितलं. "पाटील, तुमच्या तरी वळवा."

पाटील गुडघा चोळत दगडावर बसले होते. "मामा, देवीनं खुलं केलंय," ते म्हणाले, "जायाच पायजे आसं कुठं म्हणलीया?"

आप्पा हसले. आई हसली नाही. ती कळपाच्या मागनं माळ चढायला लागली होती, म्हैस वर पोचते की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला.